अण्णाची आडवी बाटली

अण्णा, आज तुझं बारावं, आणि मी इथे बहरीनला, माहूजच्या फ्लॅटमध्ये बसलोय. सुटी मिळाली नाही असं वहिनीला कळवलं. तिला ते पटलं असणार, कारण आखातात सुटी मिळत नाही हे आता आपल्या गावातल्या गुरांनाही ठाऊक झालंय. खरं सांगायचं तर मी सुटी मागितलीच नाही. मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेलो, दारावर टकटक करायला हात उचलला, आणि काखेतली ड्रॉइंगची गुंडाळी तशीच घेऊन जागेवर परत आलो.

भीती वाटली. गावाला आलो असतो तर जेवणं आटपल्यावर पडवीत सगळे टेकले असते आणि कुणीतरी म्हणालं असतं, "बाळ्या, तू बोल. बहरीनला तूच होतास त्याच्याबरोबर." आपल्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे ना! बोललोही असतो. तुझ्या नाकाची गोष्ट सांगितली असती, मुसूची सांगितली असती. लोक हसले असते, बायकांनी डोळ्यांना पदर लावला असता. आणि मधली एक गोष्ट मी नेहमीसारखी सफाईनं गाळली असती. तुझ्या बाराव्याच्या दिवशी तरी ती गाळू नये, म्हणून आलो नाही. म्हणून हे लिहितोय.

तू मुळातला सुतार. बुदैयाला खजुरीच्या बागेला लागून त्या फ्रेंच इंजिनियरचा बंगला होता, तिथे तू एका खोलीच्या कामासाठी गेलास. त्याचं खरं नाव आपल्या कुणाच्याच जिभेला झेपलं नाही. फ्रेंच लोक एकमेकांना 'मस्यू' म्हणतात, त्याचं तू 'मुसू' केलंस, आणि तो भला माणूस त्या नावाला ओ द्यायला लागला. मागच्या खोलीची खिडकी तू फळ्या ठोकून बंद केलीस आणि वाइनच्या बाटल्या निजवायला भिंतभर मांडणी केलीस. बाटल्या उभ्या ठेवायच्या नाहीत, आडव्याच ठेवायच्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, हे तुला मुसूनं शिकवलं. आठवड्याचं काम होतं. तू तिथे सात वर्षं राहिलास. त्या खोलीची किल्ली तुझ्या करगोट्याला असायची.

आणि तू दारू पीत नव्हतास. बहरीनला निघताना आत्यानं, म्हणजे तुझ्या आईनं, तुझा हात तुळशीवर ठेवून वदवून घेतलं होतं, "मी आहे तोवर दारूला तोंड लावणार नाही." तू सुताराच्या काटेकोरपणानं त्या शब्दांचं माप घेतलंस. तोंड लावणार नाही म्हटलंय, नाक लावायला आईनं मना केलेलं नाही. मुसूकडे पाहुणे आले की बूच तू काढायचास, आधी बुचाचा वास घ्यायचास, मग ग्लासात अंगठाभर ओतून त्यात नाक घालायचास. सगळं टेबल तुझ्याकडे बघत बसायचं. एकदा भरल्या पंगतीत तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मुसू, धिस मफी गुड." अरबी 'मफी' म्हणजे नाही, इंग्रजी गुड, आणि चेहरा आपल्या गावचा. मुसूनं चाखून बघितलं, तोंड वाकडं केलं, बाटली आत परत पाठवली. बुचाला बुरशी लागली होती. नंतर मी विचारलं तर म्हणालास, "ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता रे. त्यात काय कळायचंय?"

मला कळत नव्हतं. तुझ्या वशिल्यानं मी पहिल्यांदा त्या बंगल्यावर आलो तेव्हा मुसूनं कौतुकानं मला एक ग्लास दिला आणि मी त्यात बर्फ मागितला. वर सोडा आहे का, हेही विचारलं. मुसू सभ्य माणूस, तो नुसता खिडकीबाहेर बघायला लागला. तू मात्र मराठीत म्हणालास, "मेल्या, देवळात चपला घालून आलास."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचो, न पिता तुला काय कळणार? तू म्हणायचास, "पाळणा करतो तेव्हा मी त्यात निजून बघतो काय?" मी म्हणायचो, वाइन पिण्यासाठी असते, हुंगण्यासाठी नाही. तू म्हणायचास, "तू पितोस ते तरी कुठे पितोस? घशाखाली ढकलतोस." यावर मी आवाज चढवायचो.

मुसूची बदली झाली तेव्हा त्यानं तुला घड्याळ दिलं नाही, सूट दिला नाही. एक बाटली दिली. त्याच्या बायकोच्या मामाचा फ्रान्सात नदीकाठच्या उतारावर एक मळा होता, दगडी गडग्याच्या आतला एवढासा तुकडा, त्यातली ती पांढरी वाइन. तू मला मुसूनं दिलेला फोटो दाखवलास. वेल कसले, वाकलेली बुटकी झाडंच ती. मामाच्या आजोबांनी लावलेली, मांडीएवढी जाड खोडं आणि फळ मूठभर. "म्हातारं झाड फार धरत नाय," तू म्हणालास, "पण जे धरतं त्यात मुळापासूनचं सगळं देतं. आपल्या परड्यातला फणस आठव. आणि बाळ्या, दुसऱ्या मळ्याचं एक द्राक्ष यात नाय. एका गडग्यातली आहे ही." लेबलवर साल होतं एकाहत्तर, म्हणजे तू बहरीनला उतरलास ते साल. मुसूनं बजावलं होतं की पंधरा वर्षं उघडायची नाही. पांढऱ्या वाइन लोक दोन-चार वर्षांत पिऊन टाकतात, पण ही तरुणपणी आंबट असते, तोंड मिटून बसलेली. हळूहळू बोलायला लागते. अशा जुन्या बाटल्या तू मुसूकडे हुंगल्या होत्यास. मध, मेण, आणि पावसात भिजून चुलीपाशी वाळत घातलेलं घोंगडं, असा तुझा हिशेब होता.

पुढच्या सुटीत गावाला गेलास तेव्हा तू आत्याला सरळ विचारलंस, या एका बाटलीतला एक घोट घेऊ का? सात वर्षं असल्या बाटल्या जपल्या, एकीची चव तरी बघू. आत्या तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी गेल्यावर घे." तू परत येऊन हे मला हसत सांगितलंस, आणि सांगता सांगता तुझं हसू थांबलं. तुला तो घोट हवा होता, आणि त्यासाठी जे व्हायला लागणार होतं ते व्हायला नको होतं.

मुसू गेल्यावर तू अस्करला, अॅल्युमिनियमच्या कारखान्यापाशी सुतारखात्यात लागलास. एका खोलीत सहा माणसं, एसी मनात येईल तेव्हा चालणारा. तिथे बाटली टिकणार नव्हती. म्हणून ती आमच्याकडे आली. माझ्या बायकोनं, सुधानं, आधी नाक मुरडलं. "माझ्या साड्यांच्या कपाटात दारू? अण्णा, वर देवांचा फोटो आहे हो." तू म्हणालास, "देवाकडे तोंड करून नाय ठेवत गो. भिंतीकडे करतो." तुझ्या जुन्या पंच्यात गुंडाळून, कपाटाच्या तळाला, नारायणपेठीच्या शेजारी तू ती आडवी निजवलीस. अट एकच होती. उन्हाळाभर त्या खोलीचा एसी बंद होता कामा नये, आम्ही घरात असू वा नसू.

दर शुक्रवारी तू अस्करहून कुणाच्यातरी पिकअपमध्ये मागे बसून, डोक्याला रुमाल बांधून यायचास. आधी कपाट उघडायचास, मग चहा. तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात बाटलीला लावायचास आणि म्हणायचास, "बरी आहे." मी म्हणायचो, "अण्णा, उघडूया रे आता, कशाला पंधरा वर्षं? उद्या आपण असू-नसू." तू म्हणायचास, "तू नसलास तर मी पिईन की."

आता ती गोष्ट.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आत्या अंथरुणाला खिळली. तू जूनमध्येच गावाला गेलास. आम्ही जुलैत निघालो, दोन महिन्यांच्या सुटीवर. आपल्या लोकांची घर सोडण्याची एक रीत असते ना? माझ्या वडिलांनी ती मला मुंजीतल्या संध्येसारखी पाठ करून दिलीय. गॅस बंद. नळ बंद. मेन स्विच बंद. देवाला नमस्कार. कुलूप तीनदा ओढून बघायचं. मी ते सगळं केलं. एकही गोष्ट विसरलो नाही, हेच तर झालं. विमान समुद्रावर आलं तेव्हा सुधानं विचारलं, "फ्रिजमधलं दूध काढलंत ना?" आणि मला एसी आठवला. बंद फ्लॅट, जुलै-ऑगस्टचं बहरीन, आणि दोन्ही चाव्या माझ्या खिशात.

गावाला पोचलो. तू आत्याच्या पायाला तेल चोळत होतास. मान वर न करता विचारलंस, "एसी चालू ठेवलायस ना?"

"होय तर," मी म्हणालो.

इतकं सहज निघालं तोंडातून की क्षणभर मलाच खरं वाटलं. तुझ्यापुढे आई मरायला टेकलेली, तिथे बाटलीचं कुठे सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाचा हाच फायदा असतो, स्वतःला सांगायलाही एक तयार असते.

परत आलो तर दार उघडल्याबरोबर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ आली. बूच नखभर वर उचललं गेलं होतं. लेबलवरून चिकट ओघळ, खाली सुधाच्या नारायणपेठीला पिवळा डाग. मी ओल्या फडक्यानं बाटली पुसली, बूच अंगठ्यानं खाली दाबलं, लेबल भिंतीकडे फिरवलं. सुधाला म्हटलं, अण्णाला यातलं काही बोलू नकोस. ती साडीचा डाग बघत राहिली.

आत्या त्या वेळी जरा सावरली. तू आलास, बाटलीला हात लावलास. "बरी आहे," म्हणालास. मी चहाचं विचारलं.

पुढची तीन वर्षं मी एकदाही "उघडूया" म्हणालो नाही. उलट, घाई काय आहे, अजून एखादं वर्ष ठेवूया, असं म्हणायला लागलो. तू माझ्याकडे जरा वेळ बघायचास. "तुला काय झालं रे मेल्या? एवढा धीर कुठून आला?" मी म्हणायचो, वय झालं. त्याच काळात तुझं ते 'बरी आहे' बदललं. 'बरी आहे?' असं व्हायला लागलं, शेवटी किंचित वर गेलेलं. मी म्हणायचो, "बरी असणारच. चहा घेतोस ना?"

दोन वर्षांनी आत्या गेली. तू डोकं भादरून परत आलास, पहिल्या शुक्रवारी कपाटासमोर उभा राहिलास, पण उघडलं नाहीस. मोकळीक मिळाल्याचं तुला जरासुद्धा सुख नव्हतं. "आता तोंड मोकळं झालं," एवढंच म्हणालास आणि चहा न घेता गेलास.

शहाऐंशीत तुझं काँट्रॅक्ट संपलं. कायमचा गावी निघायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी आपण बाटली उघडली. हामूर मासा तू स्वतः तळलास, कोकमाचं सार केलंस. सुधानं ग्लास काढले तर म्हणालास, "बाळ्याचे नकोत, त्यांना व्हिस्कीचा वास मारतो." आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुसूचा एक पातळ, उंच दांड्याचा ग्लास पिशवीतून काढलास. बूच निघालं ते आरपार ओलं, काळपट. ग्लासात जे उतरलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

"काका, इट्स ब्राउन!" आमची मनी ओरडली. "तू तर व्हाइट वाइन म्हणाला होतास."

"इतकी वर्षं या मुलखात राहून तुझा बाप काळा पडला, ती नाय पडणार?"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. मग तू ग्लासात नाक घातलंस. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या माणसांसमोर उभा राहिलोय, पण कुणाच्या नाकाकडे तसा बघत बसलो नव्हतो. तू खूप वेळ घेतलास. मग ग्लास तसाच धरून माझ्याकडे बघितलंस.

"बाळ्या, काय म्हणतोस?"

"मी?" मी म्हणालो. "मी काय म्हणणार? हामूरला मीठ जरा कमी पडलंय."

"होय? मग वरून घे."

आणि तू प्यालास. जन्मातला पहिला घोट, पन्नाशी उलटल्यावर. डोळे मिटून तोंडात धरलास, गिळलास. सुधानं हळूच विचारलं, "कशी आहे, अण्णा?" तू म्हणालास, "पोचली." मी चाखली तर जळक्या गुळाचं पाणी, त्यात चिंचेचा कोळ, आणि मागे काहीतरी कडवट. पण मी कोण सांगणार? जुनी वाइन अशीच लागत असेल, अशी मी समजूत घातली. तुझा ग्लास तू दुपारभर पुरवून संपवलास. मला दुसरा दिला नाहीस. चहाच्या वेळी मोरीपाशी गेलो तर तू उरलेली बाटली पाण्यासारखी ओतत होतास. "उघडल्यावर राहत नाय," पाठमोराच म्हणालास. "मुसूला लिही, पोचली म्हणून." तुझी इंग्रजी पत्रं मीच लिहायचो. मी त्याला लिहिलं, एक्सलंट. तो शब्द तुझा नव्हता.

मागच्या आठवड्यात तू गेल्याचा फोन आला. त्यानंतर दोन दिवसांनी सुधा कपाट आवरत होती. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णांना माहीत होतं."

"काय?"

"सगळं. तेव्हाच. आपण सुटीवरून परत आलो त्याच महिन्यात. तुम्ही खाली बेकरीत खुबूस आणायला गेला होतात. त्यांनी साडीचा डाग बघितला आणि मला विचारलं. मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलवेना."

मी पलंगावर बसलो. "काय म्हणाला?"

"काही नाही. बाटली परत निजवली. म्हणाले, तू सांगितलंस हे बाळ्याला कळू देऊ नको. तो आपण होऊन सांगेल मला."

"आणि मग?"

"मग काय. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा मीच म्हटलं, अण्णा, आता तुम्हीच काढा ना विषय. तर म्हणाले, नको गो. त्याची वेळ झाली नाय अजून."

अण्णा, तुझा घोट मी नासवला, याचं दुःख आहेच. आत्याच्या मरणानं मोकळं झालेलं तोंड तू माझ्या चुकीला लावलंस, आणि जाणून लावलंस. पण नऊ दिवस मी दुसऱ्याच गोष्टीशी अडलोय. बाटली गेली हे तुला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी तू येत राहिलास. धुळीतून, भर उन्हात, पिकअपच्या मागे बसून, तीन वर्षं, दीडशेच्या वर शुक्रवार. गेलेल्या बाटलीला हात लावायला कुणी एवढ्या लांबून येत नाही. तू कपाटाशी नुसता उभा राहायचास, जरा वेळ देऊन. आणि मी तुला चहा विचारायचो.

मेन स्विच मी बंद केला होता, अण्णा. आत्याच्या खाटेपाशी तुझ्याशी खोटं बोललो. बाटली पुसून ठेवली तीही मीच.

हे लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. एवढ्याशासाठी तू जितका थांबलास, तितकं माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही, आणि यापुढे कुणी थांबेल असं वाटत नाही.